शेरा

नोटीस बोर्डावर अर्धा कागद होता:
बालविकास प्रयोगशाळेत मदतनीस हवेत,
दुसऱ्या वर्षाचे चालतील.
मानधन नाही. दोन श्रेयांक.
लहान मुलांची आवड असावी.
आवड कसली, घरात चार धाकटी.
तरी नाव दिलं, कारण त्या खोलीत कूलर होता
आणि सोलापुरात एप्रिल.

पहिला महिना नुसतं बटण.
बाळ खुळखुळ्याकडे बघतंय, दाबा.
नजर वळली, सोडा.
एका मिनिटाच्या चित्रणाला पाऊण तास लागतो
हे कुणी आधी सांगत नाही.
मल्लिनाथ बिराजदार, तिसऱ्या वर्षाचा, म्हणाला,
मी बघतो ते आणि तू बघतेस ते
शंभरात पंच्याऐंशी वेळा जुळलं की ते खरं.
उरलेले पंधरा कुठं जातात, मी विचारलं.
त्यानं चहा मागवला.

मग शब्दांची यादी आली.
बावीस महिन्यांच्या मुलाला यावेत असे शंभर शब्द,
पुण्यात छापलेले.
पुढं दोन चौकोन: येतो, येत नाही.
शेवटी शेरा, दीड बोट रुंद.

हंसिका गज्जम. राहणार विडी घरकुल.
आईचा व्यवसाय: विड्या वळणे.

पाण्याचा पेला दाखवला.
नीळ्ळु, ती म्हणाली.
मल्लिनाथनं खूण केली: येत नाही.
दुधाची बाटली. पालु.
तो मान वर करून भिंतीवर पाल शोधू लागला.
मांजर. पिल्ली.
पिल्लू म्हणतेय, तो म्हणाला, अर्धा गुण देऊ या?

मी हसले नाही.
बालवाडीत बाईंनी मला पाच वेळा
पाणी म्हणायला लावलं होतं,
मग प्यायला दिलं.
तेव्हापासून नीळ्ळु घरीच ठेवून येते,
चपलांशेजारी.

काचेपलीकडं तिची आई.
मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही,
तरी बोटं वळतच होती.
अकरा, मल्लिनाथ म्हणाला. शंभरात अकरा.
तिनं आकडा ऐकला. आकडे तिला कळतात.
पोरगी मागं हाय का ओ माझी?
हे मला विचारलं, कचेरीत बोलतात तशा जपून मराठीत.
लेदु अक्का, मी म्हणाले.
बोटं थांबली.

पुन्हा बसलो. या खेपेला मी विचारत गेले,
घरच्या आवाजात.
काकि. कुक्का. चंदमामा.
त्रेसष्टावर पोरगी कंटाळली, यादी नाही.

कुंभोजकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
त्या भाषेचं आपल्याकडं प्रमाण नाही गं.
शेऱ्यात लिही.
मी शेऱ्यात लिहिलं. जागा संपली.
कडेनं लिहिलं, कागद उलटून पाठीवर लिहिलं.

आईच्या हजारातून रोज चाळीसेक विड्या
कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढत.
तिचे पैसे कापत.
त्या छाटलेल्याही कुणीतरी ओढतच होतं,
धूर त्यांचाही तसाच निघायचा.

हे मॅडमना सांगितलं नाही. पाठ वाचून झाल्यावर
त्याच म्हणाल्या, दुसरा रकाना हवा असेल तर तूच आख.
पण एका मुलीवर मला काही म्हणता येणार नाही.
चाळीस तरी आण.
चाळीस.
म्हणजे उन्हाळाभर घरकुल, शनिवार-रविवार,
रिक्षाचं भाडं माझं.

पट्टी शोधत होते तेव्हा मल्लिनाथ हळूच म्हणाला,
आमच्याकडं दुधाला हालु म्हणतात.
दोन वर्षं शेजारी बसून
हे तो आज बोलला.
मग रेघा दोन माराव्या लागल्या.

जाताना हंसिका कूलरपाशी थांबली,
वाऱ्यात हात धरला आणि म्हणाली, ब्वा.
त्यानं लिहिलं: वारा.
मी लिहिलं: गार.
जुळलं नाही.
ते पंधरांत गेलं.